बॅटन हाती घेतलेला संगीतकार

लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल. सभागृह गच्च भरलंय आणि एका बॉक्समध्ये मारेकरी दबा धरून बसलाय. झांजा कडाडतील त्याच क्षणी गोळी सुटणार, म्हणजे आवाज कुणाच्या ध्यानात येणार नाही. दिग्दर्शक हिचकॉक यांच्या १९५६ सालच्या ‘द मॅन हू न्यू टू मच’मधला हा प्रसंग. आपले डोळे मारेकऱ्यावर खिळलेले असतात. पण जरा मंचाकडे बघा. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रापुढे बॅटन, म्हणजे वादकांना इशारे देणारी छोटी काठी, घेऊन उभे असलेले ते गृहस्थ नट नाहीत. ते या चित्रपटाचे संगीतकार आहेत, बर्नार्ड हर्मन.

ते वाजवून घेतायत ती रचना मात्र त्यांची नाही. ती आर्थर बेंजामिन यांची, याच कथेवरच्या १९३४ सालच्या चित्रपटातली. नवी रचना करायची मुभा हर्मनना होती. जुनीच इतकी चपखल आहे, की बदलायची गरज नाही, असं त्यांनी ठरवलं. तापट म्हणून ओळखला जाणारा हा माणूस दुसऱ्याच्या सुरांपुढे असा नमला, हे मला फार मोलाचं वाटतं.

जन्म १९११ चा, न्यूयॉर्कचा. तिथे सीबीएस रेडिओचा वाद्यवृंद त्यांनी सांभाळला, ऑर्सन वेल्स यांच्या नभोनाट्यांना संगीत दिलं आणि त्यांच्याच ‘सिटिझन केन’मधून १९४१ साली चित्रपटात आले.

हॉलिवूडची तेव्हाची रीत अशी, की संगीतकारानं रचना करायची आणि कुठलं वाद्य काय वाजवणार ते बहुतेकदा दुसऱ्यानं मांडायचं. हर्मनना हे कधीच पटलं नाही. वाद्य निवडणं हीच त्यांच्या लेखी रचना.

‘सायको’ ऐका, १९६०. पैसा बेताचा. हर्मननी फक्त तंतुवाद्यं घेतली. चित्र कृष्णधवल, तर सूरही कृष्णधवल. तारांखालच्या घोडीवर म्यूट नावाचे छोटे चिमटे चढवलेले, त्यामुळे आवाज दबका, कोंडलेला. न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नको, असं हिचकॉकनी बजावलं होतं. हर्मननी तरीही लिहिलं, आणि तेवढ्या प्रसंगापुरते म्यूट उतरवले. व्हायोलिनच्या अगदी वरच्या सुरांवर गज पुन्हा पुन्हा ओरबाडत जातो. हिचकॉकनी ते ऐकलं आणि आपला शब्द मागे घेतला.

हिचकॉक यांच्याच ‘टॉर्न कर्टन’च्या वेळी मात्र बिनसलं. हिचकॉकना ओठांवर रुळेल असं काहीतरी हवं होतं. हर्मन १२ फ्लूट, १६ हॉर्न आणि ९ ट्रॉम्बोन घेऊन आले. व्हायोलिन एकही नाही! हिचकॉकनी ध्वनिमुद्रण मध्येच थांबवलं. पुन्हा दोघं कधी एकत्र आले नाहीत, आणि माझ्या मते यात दोघांचंही नुकसान झालं.

डिसेंबर १९७५, लॉस एंजेलिस. ‘टॅक्सी ड्रायव्हर’चं ध्वनिमुद्रण. त्यातला तो एकटा, थकलेला सॅक्सोफोन. २३ तारखेला काम आटोपून हर्मन हॉटेलवर परतले आणि रात्री झोपेतच गेले. वय ६४. चित्रपट संपताना पडद्यावर कृतज्ञतेची एक ओळ येते. तिच्याखाली त्यांचं नाव, आणि दोन तारखा.