डॉक्युमेंटेशनमधली एक छोटी रेघ

नमस्कार मंडळी! बडोद्याच्या दांडिया बाजारातून बोलतोय. खालून हॉर्न ऐकू येतील, तेवढं चालवून घ्या.

[स्क्रीनवर: एक कमांड]

ही ओळ बघा. शेवटी 'हेल्प', आणि त्याच्या आधी एक आडवी रेघ. एका ओपन सोर्स प्रकल्पाच्या (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो) डॉक्युमेंटेशनमधून, म्हणजे माहितीच्या पानांवरून, ती कॉपी केली, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत टाकली, तर एरर. तासभर मी माझ्याच लॅपटॉपवर संशय घेत बसलो. खरं म्हणजे तिथे दोन हायफन हवे होते. पान तयार करणाऱ्या टूलने ते जोडून एक लांब डॅश केला होता. डोळ्याला फरक जेमतेम दिसतो, टर्मिनलसाठी ते वेगळंच अक्षर.

लिहिणाऱ्याने कमांड साध्या मजकुरात सोडली होती. साध्या मजकुरात दोन हायफनचा डॅश आणि सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं करायची सोय बऱ्याच टूल्समध्ये असते. त्यामुळे नुसते दोन हायफन टाकून भागत नाही. पान पुन्हा तयार झालं की डॅश परत येतो. मार्कडाउन फाइल असेल, म्हणजे साध्या खुणा टाकून लिहिलेली, तर कमांडच्या दोन्ही बाजूंना बॅकटिक हे उलटं अवतरणचिन्ह लावा, म्हणजे टूल त्या मजकुराला हात लावत नाही. साधारणपणे एस्केपच्या खालचं बटण.

ही दुरुस्ती प्रकल्पाकडे पाठवायची कशी? प्रकल्प गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर असेल, तर तिथे फाइल उघडून पेन्सिल दाबा. थेट बदल करायचा हक्क नसेल, तर तिथूनच तुमचा फोर्क, म्हणजे प्रकल्पाची तुमची प्रत, तयार करता येतो. बदल करा, पुल रिक्वेस्ट पाठवा, म्हणजे 'हा बदल घ्या' अशी विनंती. त्याआधी मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या ताज्या मूळ आवृत्तीत, चूक अजून आहे का ते बघा, कारण आपण जुन्या आवृत्तीचं पान वाचत असू शकतो. तीच चूक बाकीच्या पानांवरही शोधा आणि सगळं एकाच रिक्वेस्टमध्ये द्या. ती तपासणाऱ्याचाही वेळ जातो हो.

आता जरा जपून. काही चुका सुधारायच्या नसतात. ब्राउझर आणि सर्व्हर एचटीटीपीच्या नियमांनी बोलतात, आणि निरोपासोबत हेडर नावाच्या माहितीच्या ओळी पाठवतात. त्यातल्या, आधीचं पान कोणतं ते सांगणाऱ्या 'रेफरर' हेडरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'आर' कमी आहे. 1996 च्या आरएफसी 1945 या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात ते तसंच आलं आणि ब्राउझर, सर्व्हर आजही तसंच लिहितात. नंतरच्या 'रेफरर-पॉलिसी' हेडरमध्ये मात्र स्पेलिंग बरोबर आहे! आमच्या स्टेशनचंच घ्या ना. पाटीवर वडोदरा, पण रेल्वेचा कोड बीआरसी, बडोद्याच्या 'बी'चा. तिकीट त्याच कोडवर निघतं. तेव्हा चूक वाक्यात आहे की फंक्शनच्या, हेडरच्या नावातच आहे, हे आधी पाहा. नाव 'सुधारलंत' तर वाचणारा ते शुद्ध लिहील आणि त्याचा प्रोग्राम अडेल.

आणखी एक, माझ्या फार जिव्हाळ्याचं. काही प्रकल्पांची भाषांतरं गेटटेक्स्ट या भाषांतराच्या टूलच्या पीओ फायलींमध्ये असतात, मूळ वाक्य आणि त्याचं भाषांतर अशा जोड्यांनी. तिथे मूळ इंग्रजी वाक्यातला स्वल्पविराम जरी हलला, तरी मराठी वाक्यावर 'फझी', म्हणजे 'पुन्हा तपासा', असा शिक्का बसतो. फझी वाक्य सहसा वापरलं जात नाही, वाचणाऱ्याला परत इंग्रजी दिसतं. कुणीतरी रात्री जागून केलेलं मराठी, आपल्या एका अक्षरापायी गायब! दुरुस्ती जरूर करा, पण रिक्वेस्टमध्ये एक ओळ लिहा: 'फक्त स्पेलिंग बदललं आहे, अर्थ तोच आहे.' म्हणजे भाषांतर करणाऱ्याला तो शिक्का निर्धास्तपणे काढता येतो.

माझी रिक्वेस्ट आज सकाळी मर्ज झाली, म्हणजे मूळ प्रकल्पात घेतली गेली. चला, नव्या पानावरून कॉपी करून बघू.

[स्क्रीनवर: तीच कमांड, या वेळी चालते]