एस्तेरचं घराणं

मंडळी, आधी एक तक्रार. बाहेर फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, ‘नोबेल विजेत्याची बहीण’. मी कळवला होता, ‘एस्तेर क्राइटमन यांच्या कादंबरीतला हिऱ्यांचा बाजार’. फळा लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. नोबेल म्हटलं की चार माणसं जास्त येतात. आलातही. (हशा) पण १९५४ साली लंडनला वारलेल्या या यिद्दिश कादंबरीकार बाईंना अजून कुणाची तरी बहीण म्हणूनच आत घ्यायचं, हे मला खुपतं.

मघाशी एकांनी विचारलं, आपले अलिबागकडचे बेने इस्राएल बोलतात तीच का ही यिद्दिश? नाही हो. आपल्या या ज्यूंची, म्हणजे शनवार तेल्यांची, घरची भाषा मराठी. यिद्दिश पूर्व युरोपातल्या ज्यूंची. साचा जर्मन वळणाचा, शब्द हिब्रू आणि स्लाव्हही, लिपी हिब्रू. हिब्रू ही ‘लोशन कोदेश’, पवित्र भाषा, पुरुषांच्या पोथ्यांची. यिद्दिश ‘मामे लोशन’, आईची भाषा. ज्ञानेश्वर-एकनाथ वाचलेल्यांना ही भानगड वेगळी समजावून सांगायला नको.

तर एस्तेर. जन्म १८९१, पोलंडमधल्या बिल्गोराय गावी. वडील रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू. आई बाथशेबा ही रब्बीचीच मुलगी, शास्त्रं वाचलेली, विद्वान. पहिली मुलगी झाली म्हणून तिचं मन खट्टू झालं आणि बाळ दूध पाजणाऱ्या बाईकडे ठेवलं गेलं. आई भेटायला जायची, पण लेकीला हात लावत नसे, असं घरातली हकीकत सांगते. पुढे भाऊ झाले, त्यातले दोघे लेखक. थोरला इझ्राएल योशुआ सिंगर, मोठा कादंबरीकार. त्याच्यामागचा आयझॅक, १९७८ चा नोबेलवाला. त्याने लेखनासाठी ‘बाशेव्हिस’ हे नाव घेतलं ते आईच्या नावावरून. आईचं नाव मुलाने मिरवलं. मुलीला आईची मांडीसुद्धा धड मिळाली नव्हती.

आता आगगाडी. हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही. १९१२ साल. एस्तेरचं लग्न अँटवर्पच्या हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या एका कारागिराशी ठरवलेलं, लग्न बर्लिनला. घर वॉर्साला, आणि वॉर्सा तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात. मायलेकी गाडीत बसल्या आणि एस्तेरच्या सामानात तिने लिहिलेल्या कथा. आईच्या मनात आलं, सरहद्दीवर झारच्या पोलिसांनी हे कागद पाहिले, क्रांतिकारकांचे समजले, तर? फाडून टाक म्हणाली. एस्तेरने फाडले. खिडकीबाहेर टाकले. ही हकीकत पुढे तिच्या मुलाने लिहून ठेवली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी मावशी आठवली. लग्नाच्या आदल्या दिवशी तिने कवितांची वही बंबात घातली. कुणी सांगितलं नव्हतं. सासरी कुणी वाचली तर काय म्हणतील, एवढंच. म्हातारपणी हसत सांगायची, ‘पाणी मात्र छान तापलं हो.’ आम्हीही हसायचो. एकदा मी विचारलं, एखादी ओळ आठवते का? तर उठून गवार निवडायला बसली. मावशी गेली आणि कवितेत काय होतं ते... असो. एस्तेरने निदान पुन्हा लिहिलं, पण छापील पहिली कादंबरी यायला १९३६ उजाडलं. ‘देर शेदिम तांत्स’, भुतांचा नाच. त्यात रब्बीची मुलगी बापाला विचारते, मी पुढे कोण होणार? बाप म्हणतो, कोण म्हणजे? कोणीच नाही. १९४६ साली तिच्या मुलानेच ती इंग्रजीत आणली, ‘डेबोरा’ नावाने.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. फळ्याबद्दल बोलले त्याची शिक्षा दिसते.

तर मूळ विषय, पळत पळत. ‘डेबोरा’ आत्मचरित्रात्मक आहे म्हणून लोकांनी बाईंना आठवणी सांगणारी बहीण करून टाकलं. १९४४ ची ‘ब्रिल्यांत्न’, म्हणजे हिरे, वाचली की ते टिकत नाही. तिथे रब्बीचं घरच नाही. मध्यभागी अँटवर्पचा धनाढ्य व्यापारी गेदालिया बर्मन आहे. भोवती दलाल, कारागीर, उधारी, खोटी प्रतिष्ठा. १९१४ साली जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसतात आणि सगळे लंडनला पळतात. ती स्वतःही तशीच पळाली होती, नवरा आणि तान्हा मुलगा घेऊन. पण नायिका ती नाही. ती हा बाजार खालून, कारागिराच्या बायकोच्या जागेवरून बघते. पैलू पाडणाऱ्याच्या घरात हिरा येतो आणि जातो, राहतो फक्त हिशेब. हे तिच्या भावांना दिसायचं कारण नव्हतं. डिकन्स आणि शॉ तिने यिद्दिशमध्ये आणले, ते आज राहिलं.

१९४९ च्या कथासंग्रहाचं नाव मात्र सांगतेच: ‘यिखेस’. म्हणजे कुळ, घराणं. त्यात ‘नवं जग’ नावाची कथा आहे, नुकत्याच जन्मलेल्या मुलीच्या तोंडून. बाळंतिणीच्या खोलीत मुलगा न झाल्याचा हिरमोड पसरलाय आणि ती पडल्या पडल्या सगळं ऐकतेय.

हो, उठते. इंग्रजी प्रत माझ्या पिशवीत आहे. एकच आहे, वहीत नाव लिहून न्या. आणि जाताना तो फळा कुणीतरी पुसा.