लाळेच्या थेंबातली युती

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली लाळेचा थेंब. जिवाणू हिरव्या रंगात, बुरशी निळ्या रंगात.)

हा जो पुंजका सरकताना दिसतोय, त्याच्याकडे नीट बघा. यातल्या एकाही जिवाला स्वतःहून हलता येत नाही. हिरवे ठिपके आहेत स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स या जिवाणूचे. दात किडवणारा म्हणून दंतवैद्य त्याला 1924 सालापासून ओळखतात. निळे धागे कँडिडा अल्बिकन्स या बुरशीचे. दोघंही एरवी जिथे पडतील तिथेच राहणारे. पण एकत्र आले की पुंजका चालायला लागतो.

हे पहिल्यांदा दिसलं अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. झी रेन, ह्यून कू आणि त्यांचे सहकारी दात खूप किडलेल्या लहान मुलांची लाळ तपासत होते. तिच्यात जिवाणू आणि बुरशीचे एकमेकांत गुंतलेले गठ्ठे सापडले. दातासारख्या पृष्ठभागावर ते सोडले आणि चित्रण केलं, तर गठ्ठ्यातून बुरशीचे धागे फुटले आणि त्या धाग्यांच्या आधारे अख्खा गठ्ठा पुढे निघाला. वेग तासाला 40 मायक्रॉनहून जास्त (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मधूनच 100 मायक्रॉनहून लांब उडी. धागे बुरशीचे, आणि जिवाणू त्यांना चिकटून प्रवासाला निघालेले. हा शोध 2022 साली प्रसिद्ध झाला.

(दृश्य: दाताचा मोठा केलेला पृष्ठभाग, त्यावर चिकट थर.)

मग यांना एकत्र बांधतं कोण? साखर. आपली रोजची उसाची साखर, सुक्रोज. गुळातही मुख्यतः तीच असते.

या दोघांना एकमेकांची मुळात फारशी ओढ नसते. साखर नसेल तर हा जिवाणू बुरशीला जेमतेम चिकटतो. साखर आली की मात्र जिवाणू एक विकर, म्हणजे एन्झाइम, बाहेर सोडतो. हे विकर सुक्रोज तोडतं आणि त्यातल्या ग्लुकोजच्या साखळ्या गुंफून ग्लुकान नावाचा चिकट पदार्थ बनवतं. आता गंमत बघा. तेच विकर जाऊन बुरशीच्या अंगावर, तिच्या बाहेरच्या भिंतीवरच्या मॅनन या शर्करांना, घट्ट बसतं. आणि तिथे बसून काम चालूच ठेवतं! म्हणजे डिंक बनवण्याचं यंत्र जिवाणूचं, आणि ते चालतंय बुरशीच्या अंगावर. बुरशी डिंकाने माखते, जिवाणू तिला चिकटतात, आणि दोघं मिळून दातावर जाड थर धरतात.

बदल्यात बुरशीला काय मिळतं? सुक्रोज तिला तितकंसं सोयीचं नाही. जिवाणूने ते फोडलं की ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटतात, ते ती सहज खाते. शिवाय फार्नेसॉल नावाचा एक पदार्थ ती सोडते. तो थोडा असेल तर जिवाणू जोमाने वाढतो, फार झाला तर त्याचीच वाढ थांबते.

दोघं साखर खाऊन आम्ल सोडतात. दातावरच्या थरात पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताचं एनॅमल विरघळू लागतं. चिकट थरामुळे लाळ आत पोचत नाही, आम्ल धुऊन निघत नाही. ह्यून कू यांच्याच गटाने 2014 साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात हे अगदी स्पष्ट दिसलं: दोघं एकत्र दिले त्या प्राण्यांचे दात, एकेकटा जीव दिलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त किडले.

(दृश्य: निरोगी तोंड, जिभेचा पृष्ठभाग.)

पण म्हणून कँडिडाला शत्रू ठरवायची घाई नको. ढोबळमानाने निम्म्या निरोगी माणसांच्या तोंडात ती असते आणि त्रास देत नाही. आपल्या तोंडात जिवाणूंच्या 700 हून अधिक जाती आढळतात. त्यांच्या तुलनेत बुरशीच्या पेशी अगदी मूठभर. हे बहुसंख्य जिवाणूच तिला जागेवर ठेवतात: अन्न खातात, जागा अडवतात, आणि काही तर असे पदार्थ सोडतात की बुरशीला धागेच फुटत नाहीत. नवल म्हणजे, धागे रोखणारा असा एक पदार्थ खुद्द म्युटन्सही बनवतो. जोडीदाराला धरायचं, पण फार वाढू द्यायचं नाही, असा हा संबंध आहे.

प्रतिजैविकांचा लांबलचक कोर्स झाल्यावर जिभेवर पांढरा थर येतो, तो याचमुळे. पहारा देणारे जिवाणू मेलेले असतात. दम्याचा स्टिरॉइड इनहेलर घेतल्यावर चूळ भरा, कवळी रात्री काढून ठेवा, असं डॉक्टर सांगतात, तेही या बुरशीला वाव मिळू नये म्हणूनच.

(दृश्य: दुधाची बाटली तोंडात धरून झोपलेलं बाळ.)

सगळ्यात जास्त सोसावं लागतं ते लहान मुलांना. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात, आणि बाळ झोपलेलं. झोपेत लाळ कमी सुटते. म्हणजे या युतीला रात्रभर साखर आणि वर निवांतपणा. वरचे पुढचे दात आधी खडूसारखे पांढरे पडतात, मग तपकिरी, मग तुकडे पडू लागतात. "दुधाचेच दात, पडणारच आहेत," हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. ते मनापासून सोडून द्यावं, असं मला वाटतं. त्या मुलाला ठणका लागतो, जेवता येत नाही, झोप लागत नाही.

औषधाने हे सहज का सुटत नाही, यालाही उत्तर तोच डिंक. फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं नेहमीचं औषध ग्लुकानमध्येच अडकून बसतं, आतल्या बुरशीपर्यंत पोचत नाही. प्रयोगशाळेत औषधाबरोबर पोव्हिडोन आयोडीन दिल्यावर मात्र चिकट थर कमी झाला आणि औषध लागू पडलं. डॉक्टरांना न विचारता मुलांवर हे अजिबात करू नये.

आणि बाळाच्या तोंडात ही बुरशी येते कुठून? अमेरिकेत रॉचेस्टरला झालेल्या अभ्यासात, दात किडलेल्या मुलांची आणि त्यांच्या आयांची कँडिडा ताडून पाहिली, तेव्हा अनेक जोड्यांमध्ये ती एकाच वाणाची निघाली. आईला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. गरोदरपणात दातांना हात लावायचा नाही, असा समज आपल्याकडे अजून घट्ट आहे. प्रत्यक्षात दात साफ करून घेणं, कीड भरून घेणं त्या काळात सुरक्षित असतं, आणि चौथा ते सहावा महिना त्यासाठी सगळ्यात सोयीचा.