न्यूट्रल तुटला की कोणाचा टीव्ही जळतो?

(दृश्य : मोटार रिवायंडिंगचं दुकान. लाकडी पाटीवर दोन होल्डर, त्यात दोन पिवळे बल्ब.)

निवेदन : यवतमाळ जिल्ह्यातला दारव्हा तालुका. चण्याला, गव्हाला पाणी द्यायचे दिवस, त्यामुळं मोटारी भरून देणाऱ्या या दुकानाच्या दारात जळालेल्या मोटारींची रांग आहे. तरी मिस्त्रींनी हातातलं काम बाजूला ठेवून ही पाटी जोडली. एक बल्ब ४० वॅटचा, दुसरा १०० वॅटचा. फेज, म्हणजे वीज आणणारी तार, पहिल्या बल्बातून दुसऱ्यात जातो आणि तिथून न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या तारेला. ही सिरीज, शाळेच्या पुस्तकातली एकसर जोडणी.

मिस्त्री : "सांग बरं, कोनता जास्त पेटन?"

मुलगा : "शंभरचा न भाऊ!"

(मिस्त्री बटन दाबतात. कॅमेरा काचेजवळ.)

निवेदन : चाळीसचा जवळजवळ पूर्ण पेटला. शंभरच्या आत वाकून पाहिलं, तर तार जेमतेम लालसर.

बल्बावर छापलेले वॅट २३० व्होल्ट मिळाले तरच खरे. चाळीसच्या बल्बातली तार बारीक, पेटल्यावर तिचा रोध साधारण १३२० ओहम. शंभरच्या तारेचा ५३० च्या आसपास. सिरीजमध्ये करंट दोघांतून एकच वाहतो, पण व्होल्टेजची वाटणी रोधाप्रमाणे होते. ज्याचा रोध जास्त, त्याला व्होल्ट जास्त. त्यात टंगस्टनची तार थंड असली की तिचा रोध दहा-पंधरा पटीनं कमी असतो. शंभरचा धड तापतच नाही, म्हणून त्याचा वाटा आणखी घटतो आणि तो चाळीसच्या पदरात पडतो.

एलईडी बल्ब लावून हे असं दिसणार नाही, त्यांच्या पोटात स्वतःचं सर्किट असतं. आणि मुलांनो, घरच्या लाईनवर हा प्रयोग करायचा नाही. टॉर्चचे दोन सेल आणि दोन छोटे बल्ब घ्या.

(दृश्य : मिस्त्री दोन्ही बल्ब वेगवेगळे फेज-न्यूट्रलला जोडतात. शंभरचा लख्ख पेटतो.)

आता पॅरलल, म्हणजे समांतर जोडणी. दोघांना पूर्ण २३० व्होल्ट मिळतात, शंभरचा शंभरसारखा पेटतो. एक काढला तरी दुसऱ्याला फरक नाही. घरातले सगळे दिवे, पंखे असेच जोडलेले असतात, आणि गावातली घरंसुद्धा.

मग सिरीज फक्त दुर्गादेवीच्या मंडपातल्या माळेपुरती? सहा-सहा व्होल्टचे चाळीसेक बल्ब एका ओळीत, एक गेला की सगळी माळ काळी? नाही. या दुकानात ती रोज कामाला येते. नवी तार भरलेली मोटार मिस्त्री कधीच थेट लाईनवर लावत नाहीत. आधी शंभरचा बल्ब सिरीजमध्ये धरतात. एक टोक वाइंडिंगला, एक मोटारीच्या लोखंडी बॉडीला. बल्ब पेटला, तर तांब्याची तार आत कुठंतरी बॉडीला टेकली आहे. आणि टेकली असली तरी बल्ब मध्ये असल्यानं अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊच शकत नाही, म्हणून भडका होत नाही.

(दृश्य : संध्याकाळ. गावातली डीपी. चक्की सुरू होण्याचा आवाज, घरातला बल्ब मंदावतो.)

चक्की सुरू होताना घरातला बल्ब का मिणमिणतो? घरं पॅरलल असली, तरी डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, येणारी तार सगळ्यांच्या सिरीजमध्ये आहे. सुरू होताना मोटार पाच-सात पट करंट ओढते, आणि तेवढे व्होल्ट तारेतच खर्ची पडतात.

हे काही क्षणांपुरतं. खरा घात होतो तो डीपीवरचा न्यूट्रल तुटतो किंवा त्याला जोडणारा तारेचा तुकडा, जंपर, ढिला होतो तेव्हा. डीपीतून तीन फेज निघतात, घरं त्यांवर वाटलेली असतात. समजायला दोनच घरं धरू, वेगवेगळ्या फेजवरची. न्यूट्रल आहे तोवर दोघांनाही २३० व्होल्ट. तो तुटला, की दोन्ही घरं दोन फेजच्या मध्ये सिरीजमध्ये अडकतात, ४०० व्होल्टवर. एका घरी हजार वॅटची इस्त्री चालू आहे, रोध ५३ ओहम. दुसऱ्या घरी शंभरचा एकटा बल्ब, रोध ५३०. इस्त्रीला मिळतात जेमतेम ३६ व्होल्ट, आणि बल्बाला ३६० च्या वर.

जो कमी वीज वापरत होता, त्याच्याच घरातल्या वस्तू जळतात. पाटीवर चाळीसचा बल्ब पेटला तोच हा हिशोब. घरोघरी टीव्ही जळाले की 'लाईट जास्त आला' म्हणतात, आणि कोणी म्हणतं, ज्याचा जळाला त्यानंच काही खराब लावलं असेल. हे ऐकून वाईट वाटतं. त्या माणसाचा काहीच दोष नसतो.

मेनजवळचं आपोआप पडणारं बटन, म्हणजे एमसीबीही इथं कामी येत नाही. ती जास्त करंटला पडते, आणि वरच्या हिशोबात करंट एक अँपिअरसुद्धा नाही. जास्त व्होल्टेजला लाईन तोडणारं उपकरण वेगळं असतं, ते मेनजवळ बसवून घ्यावं लागतं.

(दृश्य : मिस्त्री मेन स्विचपाशी उभे.)

मिस्त्री : "बल्ब एकाएकी पांढरा पडला, पंखा जोरानं फिरायला लागला, का शेजारचा लाईट मंद न् आपला तेज झाला, तर काही इचारू नका जी. पयले मेन पाडा. मंग वायरमनले फोन करा. डीपीले आपन हात लावाचा नाई."