मोजा बरं, चार आहेत ना?

नमस्कार, श्रोतेहो.

उन्हाळ्यात आम्ही सहाजण घराबाहेर पडलो की अनोळखी माणसंसुद्धा थांबून एक प्रश्न हमखास विचारतात, "ही मुलं दमत नाहीत का हो?" आम्हाला चार मुलगे. थोरला आठ वर्षांचा, मधले दोघे पाच वर्षांचे जुळे, आणि धाकटा नुकताच दोन पूर्ण झालेला. त्यांची नावं रेडिओवर घ्यायची नाहीत, अशी थोरल्याची सक्त ताकीद आहे. म्हणून जुळ्यांना आज आपण निळा आणि हिरवा म्हणू. घरात त्यांच्या बाटल्या, टॉवेल, चपला याच रंगांच्या आहेत, त्यामुळे ती निम्मी टोपणनावं झालेलीच आहेत.

तर, दमत नाहीत का? खरंच नाहीत, आणि त्याला कारण आहे. २०१८ साली सेबास्टियां रातेल, अँथनी ब्लेझविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना सायकलवर बसवून जीव खाऊन पेडल मारायला लावलं. तेच व्यायामाची खास सवय नसलेल्या मोठ्या पुरुषांना करायला लावलं, आणि लांब पल्ल्याच्या स्पर्धांमध्ये उतरणाऱ्या खेळाडूंनाही. मुलं साध्या मोठ्या माणसांपेक्षा कितीतरी कमी थकली. थांबल्यावर नाडी ताळ्यावर यायचा त्यांचा वेग तर खेळाडूंच्या तोडीचा होता, काही बाबतींत त्यांच्यापेक्षाही सरस. मुलांचं शरीर मेहनत करताना ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवण्यावर जास्त भर देतं. आपलं शरीर ऑक्सिजनविना चालणाऱ्या झटपट मार्गाकडे लवकर वळतं आणि मग धापा टाकत बसतं. म्हणजे मुलांच्या मागे धावताना आपली जी दमछाक होते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. समोर तयारीचे खेळाडू आहेत.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसाकाठी निदान तीन तास हालचाल व्हावी, त्यातला तासभर चांगली दमदार. आमच्याकडे हा हप्ता सकाळीच फिटतो. उरलेल्या दिवसाचं काय करायचं, ते संघटनेने सांगितलेलं नाही.

पण मला आज बोलायचंय ते वेगळंच. चार मुलगे एकत्र धावतात तेव्हा बघणाऱ्याला झुंड दिसते. हळूहळू आपल्यालाही झुंडच दिसायला लागते. "पोरांनो, चला", "पोरांनो, बस करा", "पोरांनो, हात धुवा". सगळं अनेकवचनात. उन्हाळाभर माझ्यापुढे दोन कामं असतात, चौघांना एकत्र सांभाळायचं आणि चौघांना वेगवेगळं ओळखायचं. पहिलं काम इतकं आरडाओरड्याचं असतं की दुसरं मागे पडतं.

पहिल्या कामापासून सुरू करू, म्हणजे पाण्यापासून. जगभराची आकडेवारी पाहिली तर बुडून मरण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त आहे ते एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये, आणि त्यांच्या पाठोपाठ पाच ते नऊ वर्षांच्या. आमचे चौघेही या दोन गटांत चपखल बसतात. त्यातून बुडणं कसं दिसतं, याची आपल्या डोक्यातली कल्पना साफ चुकीची असते. माणूस हात हलवेल, ओरडेल, पाणी उडवेल असं आपल्याला वाटतं. फ्रँक पिया नावाच्या अमेरिकन जीवरक्षकाने १९७० च्या सुमारास खऱ्याखुऱ्या घटनांचं चित्रीकरण केलं आणि ते नीट तपासलं, तेव्हा वेगळंच दिसलं. तोंड पाण्याच्या वर येतं न येतं तोच परत खाली जातं. जेवढा वेळ वर आहे, तेवढ्यात श्वास घ्यायचा. हाक मारायला वेळ उरतच नाही. हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरतात आणि पाणी खाली दाबत राहतात, ते वर उचलून हलवता येत नाहीत. शरीर उभं, पाय जवळपास स्थिर. आणि हे सगळं वीस सेकंदांत, फार तर मिनिटभरात संपतं. लांबून पाहिलं तर मूल शांतपणे खेळतंय असंच वाटेल. चार मुलगे पाण्यात आहेत आणि तिघांचा दंगा ऐकू येतोय, अशा वेळी आधी बघायचं ते चौथ्याकडे.

तलावाच्या काठावर पाच-सहा मोठी माणसं बसलेली असतात ना, तो सगळ्यात धोक्याचा प्रकार. प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. आम्ही पाळ्या लावतो. ज्याची पाळी, त्याच्या हातात फोन नाही, पुस्तक नाही, गप्पा नाहीत, नजर फक्त पाण्यावर. पंधरा मिनिटांनी बदली, कारण त्यापुढे माणसाचं लक्ष उडतंच. आणि बदली तोंडाने सांगून करायची, "आता तू." नुसतं उठून गेलेलं चालत नाही. धाकट्यासोबत मात्र कोणीतरी पाण्यात उतरलेलंच असतं, हात लांबवला की लागेल इतक्या अंतरावर. दंडाला बांधायच्या हवेच्या फुग्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. ते खेळणं आहे, जीवरक्षक साधन नव्हे. मूल त्यांच्या भरवशावर खोल पाण्याकडे जातं आणि फुगा निसटायला क्षण पुरतो.

कपड्यांचंही सांगतो. फिकट निळे किंवा पांढरे पोहण्याचे कपडे तलावाच्या पाण्यात अक्षरशः गायब होतात. मूल फूटभर खाली गेलं की दिसतच नाही. भडक केशरी, झगझगीत पिवळा, गडद गुलाबी हे रंग उठून दिसतात. त्यामुळे आमचा निळा पाण्यात केशरी असतो आणि हिरवा गुलाबी. यावरून सुरुवातीला बरंच रडणं झालं. झालं तर झालं.

आता मोजणी. ज्यांच्या घरी जुळी किंवा तिळी आहेत त्यांना हे लगेच कळेल. "सगळे आहेत ना?" असा आवाज दिला तर उत्तर कायम "हो" असतं, आणि ते एकटा थोरला देतो. म्हणून डोकी मोजायची. पण धावती डोकी मोजताना एकसारखी दिसणारी जुळी असली की एकच मुलगा दोनदा मोजला जातो. निळा झाडाच्या डावीकडून दिसला, धरा एक. तोच उजवीकडून बाहेर आला, झाले दोन. बेरीज चार येते, मनाला समाधान मिळतं, आणि हिरवा मात्र कुठेतरी तिसरीकडेच असतो. म्हणून मी आकडे मोजायचं सोडलं. मी नावं मोजतो, चेहरा दिसल्याशिवाय नाव घेत नाही. बाहेर जाताना चौघांचे शर्ट एकाच भडक रंगाचे, म्हणजे गर्दीत गट लांबून कळतो, आणि टोप्या चार रंगांच्या, म्हणजे गटातला कोण कुठे ते कळतं.

उन्हाबद्दल थोडक्यात. लहान शरीर वजनाच्या मानाने जास्त पृष्ठभागाचं असतं, भर उन्हात ते लवकर तापतं, आणि खेळात रमलेलं मूल तहान लागली म्हणून खेळ थांबवत नाही. आम्ही "पाणी हवं का?" असं विचारत नाही, कारण उत्तर "नाही" असतं. खेळ थांबवतो, पाणी पाजतो, खेळ सुरू. मूल असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या जायला लागल्या, अंग फार तापलं तर सावली, थंड पाणी आणि तातडीने डॉक्टर. बंद गाडीत मुलाला मिनिटभरही ठेवायचं नाही. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा-अकरा अंशांनी चढतं. तिथेही उतरल्यावर नावं मोजायची.

आता कुस्ती. चार मुलगे म्हटलं की कुस्ती आलीच, आणि पाहुण्यांना ती बघवत नाही. "अहो, सोडवा त्यांना!" मी सोडवत नाही, आधी चेहरे बघतो. खेळातली मारामारी आणि खरी मारामारी यांतला फरक अभ्यासकांनी बारकाईने टिपला आहे, आणि तो कुणालाही शिकता येतो. खेळात चेहरा हसरा असतो, मूठ आवळलेली नसते. वरचा खाली येतो, खालचा वर जातो, पाळ्या आपोआप बदलतात. जो दांडगा आहे तो हातचा राखून खेळतो. आमचा थोरला धाकट्याला मुद्दाम जिंकू देतो आणि वर असा कोसळतो की बघत राहावं. सगळ्यात भरवशाची खूण शेवटी कळते. खेळ असेल तर संपल्यावर दोघं एकत्रच राहतात, खरं भांडण असेल तर दोन दिशांना जातात. जुळ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. दोघांची ताकद सारखीच, त्यामुळे हातचा राखायची गरज कुणालाच नसते, आणि खेळाचं भांडण व्हायला वेळ लागत नाही. तिथे मी जरा जवळ उभा राहतो.

हे झालं पहिलं काम. दुसऱ्याबद्दल मला जास्त कळकळ आहे.

जुळी मुलं बोलायला सरासरीने थोडी उशिरा लागतात. पुष्कळ जुळी दिवस भरण्याआधी जन्मतात, तो भाग आहेच. पण सगळा दोष त्याचा नाही. कॅनडात ह्यू लिटन यांनी सत्तरच्या दशकात अडीच वर्षांच्या आसपासच्या मुलग्यांच्या घरी जाऊन निरीक्षणं केली, काही जुळे, काही एकेकटे. जुळ्यांच्या वाट्याला आईवडिलांचं बोलणं कमी येत होतं. आईवडील बोलत नव्हते असं नाही. वेळ तेवढाच, माणसं तेवढीच, वाटेकरी मात्र दोन. शिवाय जुळ्यांना बोलायची निकड कमी भासते, कारण समोर असा एकजण असतो ज्याला अर्ध्या शब्दात कळतं. आमच्या दोघांचं बोलणं आम्हाला कितीतरी दिवस कळत नसे. थोरला दुभाष्याचं काम करायचा, आणि मला दाट शंका आहे की स्वतःला हवी ती मागणी तो मध्येच त्यांच्या नावावर खपवायचा.

रशियात अलेक्झांडर लुरिया आणि फ. युदोविच या मानसशास्त्रज्ञांनी अशाच दोघांचा अभ्यास केला होता. पाच वर्षांचे, हुबेहूब एकसारखे जुळे भाऊ. आपसात त्यांचं तुटक, खुणांचं बोलणं चाले, बाहेरच्यांशी जवळपास काहीच नाही. खेळही साधाच, ठरवून, रचून असं काही नाही. मग दोघांना बालवाडीत वेगवेगळ्या गटांत बसवलं. बोलल्याशिवाय गत्यंतर राहिलं नाही, आणि काही महिन्यांत दोघंही बोलू लागले, नुसते बोलू लागले असं नाही, तर बेत आखून खेळू लागले. त्यांतल्या एकाला वेगळे भाषेचे धडेही दिले होते, पण मोठा फरक पडला तो वेगळं बसवल्यानेच.

मी यावरून जुळ्यांना कायम वेगळं ठेवा असं म्हणणार नाही. त्यांची सोबत ही त्यांची मोठी दौलत आहे. पण उन्हाळ्याची सुट्टी, जिच्यात मुलं दिवसभर एकमेकांच्या अंगावर असतात, त्या सुट्टीतच एकेकट्याचा वेळ मुद्दाम काढावा लागतो. तो आपोआप निघत नाही. आमच्याकडे संध्याकाळी एकजण माझ्याबरोबर बाहेर जातो, बाकीचे तिघे आईबरोबर घरी. दुसऱ्या दिवशी दुसरा. तिला मोकळीक हवी असेल तेव्हा आम्ही अदलाबदल करतो. कुठे जायचं ते ज्याची पाळी तो ठरवतो. फार लांब नाही, काही विकत घ्यायचं नाही.

दोघंजण बरोबर असताना पुढे धावतो तो निळा, मागे उभा राहून बघतो तो हिरवा. घरातले सगळे हिरव्याला "हा लाजरा" म्हणायचे. हा शिक्का जुळ्यांवर फार लवकर बसतो, कारण तुलना करायला दुसरा सदैव शेजारी उभा. एकटा बाहेर पडल्यावर हाच हिरवा रस्त्यावरच्या अनोळखी म्हाताऱ्याला थांबवून त्याच्या काठीच्या टोकाला रबर कशाला लावलंय ते विचारतो, आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाही. आणि निळा? एकटा असला की माझं बोट सोडत नाही. मागे कुणी बघत उभं नसेल तर पुढे धावून दाखवायचं कुणाला, असा काहीसा त्याचा हिशेब असावा. हे मला पूर्वी माहीत नव्हतं, माहीत व्हायला वावच नव्हता.

थोरल्याचा वेळ बोलण्यात जातो. दिवसभर दुभाष्या, पंच आणि पहारेकरी झालेल्या माणसाला स्वतःबद्दल बरंच सांगायचं असतं, त्यात आपण मध्ये बोललेलं त्याला खपत नाही. आणि धाकट्याची पाळी आली की तो एकच ठिकाण निवडतो, आमच्याच इमारतीचा जिना. वर चढायचं, खाली उतरायचं, परत वर. तिघं भाऊ मागून ढकलत नसल्यामुळे प्रत्येक पायरीवर तो सावकाश थांबू शकतो. मी मागोमाग चढतो, उतरतो. दमतो कोण, हे रातेल साहेबांनी सांगितलेलंच आहे.

नमस्कार.