कातड्याची सीट आणि तिचे लाड

(दृश्य: ओलं कातडं पितळी साच्यावर चढतं. वरून दाब येतो.)

सायकलच्या या कातडी सीटची सुरुवात पाण्यात होते.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला अगदी खेटून स्मेदिक आहे. तिथल्या ब्रुक्स या सायकलच्या सीट करणाऱ्या जुन्या कंपनीच्या कारखान्यात जनावराच्या पाठीपुठ्ठ्याकडचं जाडजूड, पाचेक मिलिमीटरचं कातडं कोमट पाण्यात भिजवतात. भिजलं की ते वळायला तयार होतं. मग साच्यावर दाबायचं, वाळवायचं, पुन्हा दाबायचं, कडा कापायच्या, रंग द्यायचा आणि लोखंडी सांगाड्यावर ताणून रिव्हेट ठोकायचे. काही महागड्या मॉडेलवर ते रिव्हेट तांब्याचे असतात आणि माणूस हातोडीनं ते एकेक करून बसवतो.

पाणी आणि कातडं यांचं हे नातं लक्षात असू द्या. सीट घरी आली की बरीच भांडणं त्यावरूनच होतात.

(दृश्य: सीट उलटी केलेली. खालून रिकामी जागा दिसते.)

उलटी करून पाहा. आत फोम नाही, जेल नाही, काहीच नाही. मागे लोखंडी पट्टीची कमान, पुढे टोकाशी एक लहानसा तुकडा, त्या दोघांमध्ये ताणलेलं कातडं आणि खाली दोन सळया. तुम्ही बसता ते फक्त ताणावर. आपल्याकडची बाज अशीच असते: चौकट कडक, विणलेली दोरी मात्र अंगाप्रमाणे खाली जाते, आणि कालांतराने सैल पडली की पायथ्याकडून ओढून घेतात. सीटच्या नाकाखालचा नट हेच ओढून घेण्याचं काम करतो. त्याच्याकडे नंतर येऊ, कारण लोक त्याच्याकडे फार लवकर जातात.

जॉन बोल्टबी ब्रुक्स हा मुळात घोड्यांचा साज आणि चामड्याच्या वस्तू करणारा. 1866 मध्ये त्यानं बर्मिंगहॅममध्ये धंदा मांडला. कंपनी सांगते ती गोष्ट अशी, की 1878 मध्ये त्याचा घोडा मेला, दुसरा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यानं सायकल उसनी आणली आणि तिच्या सीटनं त्याला रडवलं. जाहिरातीला ही गोष्ट इतकी सोयीची आहे, की थोडा संशय घ्यावा. पण 1882 चं पेटंट खरं आहे. आणि त्याच शतकाच्या अखेरीस बाजारात आलेलं बी-17 हे मॉडेल आजही विकलं जातं, हेही खरं.

मधल्या काळात शर्यतीच्या सायकलींनी कातडं सोडलं. 1960 नंतर प्लॅस्टिकच्या कवचाच्या सीट आल्या, त्या हलक्या होत्या आणि पावसाला भीत नव्हत्या. आपल्याकडे रॅले, हर्क्युलिस, बीएसए या विलायती सायकलींबरोबर स्प्रिंगवाली कातडी सीट आली होती. पुढे रेक्झिन आणि फोमनं तिची जागा घेतली. आता ती परत दिसते ती लांब पल्ल्याच्या लोकांकडे. पुण्या-मुंबईत ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करणारे आहेत, 200 किलोमीटर साडेतेरा तासांत आणि 600 किलोमीटर चाळीस तासांत पुरे करणारे. त्यांच्यात हिचे भक्त सापडतात. फोम दोन तास सुखाचा असतो. आठव्या तासाला तो दबून गेलेला असतो आणि जिथं भार नको तिथं, म्हणजे दोन हाडांच्या मधल्या मऊ भागावर, चढून येतो.

(दृश्य: पायरीवर पुठ्ठा ठेवलेला. एक जण त्यावर बसतो.)

निवडताना रंग आधी बघू नका. आधी आपली हाडं मोजा.

बसल्यावर भार पेलणारी दोन हाडं कमरेच्या तळाशी असतात. घडी नसलेल्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्या, कडक पायरीवर ठेवा, त्यावर बसा आणि गुडघे थोडे वर उचला. उठल्यावर दोन खड्डे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर हा तुमचा आकडा. सीट त्याहून दोनेक सेंटिमीटर तरी रुंद हवी, आणि ताठ बसून चालवणाऱ्याला त्याहूनही जास्त.

फोमच्या सीटवर हा हिशेब थोडा चुकला तरी चालून जातं. इथं चालत नाही, कारण मागची कमान लोखंडी आहे. सीट अरुंद निघाली तर तुमची हाडं कातड्यावर न येता त्या कमानीच्या काठावर येतात, आणि लोखंडाला कितीही किलोमीटर दिले तरी ते तुमचा आकार घेत नाही. "वर्ष झालं, अजून बसत नाही," अशी तक्रार करणाऱ्यांपैकी पुष्कळांची सीट मुळात मापाची नसते. उलट फारच रुंद घेतली तर पायडल मारताना मांड्या आतून घासतात.

दुसरा प्रश्न हँडल किती उंच आहे हा. हँडल साधारण सीटच्या उंचीला असेल तर बी-17 सारखी, 175 मिलिमीटर रुंदीची सीट बहुतेकांना चालते. हँडल खाली आणि पाठ वाकलेली असेल तर टीम प्रो किंवा स्विफ्टसारखी अरुंद. कारण पुढे वाकलं की कंबर फिरते आणि हाडांचा पुढचा, जवळजवळ असलेला भाग टेकतो. आणि दूध, भाजी, पोस्ट वाहणाऱ्या काळ्या सायकलीवर ताठ बसायचं असेल तर स्प्रिंगवाली बी-67. तिथं सगळा भार पाठीच्या कण्यातून सरळ खाली येतो, त्यामुळे स्प्रिंगा शोभेच्या नाहीत. वाकून चालवणाऱ्यानं मात्र त्या केवळ दिसायला छान म्हणून घेऊ नयेत. वजन वाढतं आणि उपयोग होत नाही.

कातडं नकोच असेल, तर त्याच कंपनीनं 2013 पासून कँबियम नावाची रबराची सीट काढली आहे, वर कापड असलेली. ती ताणण्याच्याच तत्त्वावर चालते. तिला सवय लावावी लागत नाही आणि पुढचं निम्मं निवेदन तिला लागू नाही.

(दृश्य: सीट बसवताना. लेव्हल दाखवणारी पट्टी.)

बसवताना दोन अडचणी येतात. ही सीट प्लॅस्टिकच्या सीटपेक्षा उंच असते, म्हणून सीटपोस्ट, म्हणजे सीट पेलणारा दांडा, थोडा खाली घ्यावा लागतो. आणि खालच्या सळयांचा सरळ भाग आखूड असतो, त्यामुळे सीट हवी तितकी मागे सरकत नाही. अनेकांना मागे झुकलेला सीटपोस्ट घ्यावाच लागतो. हा खर्च दुकानात कुणी आधी सांगत नाही.

नवं कातडं गुळगुळीत असतं. सीट अगदी सपाट लावली तर माणूस पुढे घसरत राहतो आणि सगळा भार मनगटांवर येतो. नाक केसभर वर ठेवा, पुढे कातडं बसलं की पुन्हा बघा. उंचीही तेव्हा परत तपासावी लागते.

(दृश्य: नव्या सीटवर हलकेच चमकणारे दोन ठसे.)

आता सवय लावण्याबद्दल. इथं सल्ल्यांचा सुळसुळाट आहे. कुणी म्हणतं रात्रभर पाण्यात ठेवा, कुणी म्हणतं तेलात बुडवा, कुणी लाटण्यानं कुटा म्हणतं. यातला एकही उपाय करू नका. फक्त चालवा. सुरुवातीला रोज थोडं, एकदम शंभर किलोमीटर नाही. कुणाची तीनशे किलोमीटरमध्ये बसते, कुणाला हजार लागतात. तुमचं वजन, कातड्याची जाडी, घाम, हवा, सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

घामाचा वाटा तर मोठाच. कातड्याला आकार बदलायला थोडा ओलावा, थोडी ऊब आणि दाब लागतो. तुम्ही बसल्यावर हे तिन्ही बरोबर त्या दोन जागी मिळतात, दुसरीकडे नाही. म्हणून तिथंच दोन उथळ खळगे पडतात आणि बाकीची सीट कडकच राहते. ती तशीच राहायला हवी. सगळी सीट मऊ झाली म्हणजे ती बसली असं नाही, ती ढिली पडली.

दुखणं कसलं आहे तेही ओळखा. हाडांवर दुखत असेल तर ते पहिल्या काही दिवसांचं, कमी होत जाणारं. मधल्या भागात मुंग्या येत असतील, बधिर होत असेल, तर ती सवयीची बाब नाही. उंची, कोन किंवा रुंदी चुकली आहे. सहन करत बसू नका.

(दृश्य: कोल्हापुरी वहाणा. बाभळीच्या सालीचे ढीग.)

तेलाचा मोह मराठी माणसाला का होतो, ते समजण्यासारखं आहे. कोल्हापुरी वहाण नवी आणली की तिला तेल पाजायचं, ही घरोघरची रीत. आणि कातडं खरोखरच एका जातीचं आहे. कोल्हापूरकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावतात. कातड्याची पिशवी शिवून, तिच्यात तो काढा भरून ती टांगून ठेवतात. ब्रुक्सचं कातडंही असंच वनस्पतींच्या सालीतल्या टॅनिननं कमावलेलं असतं. म्हणून दोन्ही पायाचा, बुडाचा ठसा घेतात. रसायनानं, म्हणजे क्रोमनं, कमावलेलं कातडं मऊ असतं पण दिलेला आकार असा धरून ठेवत नाही.

फरक इतकाच, की वहाण जमिनीवर टेकलेली असते. तिचं कातडं तेलानं कितीही सैल झालं तरी खालून जमीन धरून ठेवते. सीटच्या खाली हवा आहे. तेलानं कातड्याचे तंतू एकमेकांवरून घसरू लागतात आणि ताण निघून जातो. खोबरेल, एरंडेल, गाडीचं ऑइल, काहीही नको. कंपनीची प्रूफाइड नावाची डबी असते, त्यात चरबी आणि मेण असतं. बोटावर थोडी घ्या, पातळ थर द्या, रात्रभर मुरू द्या, सकाळी सुती फडक्यानं पुसा. नवी असताना एकदोनदा खालूनही लावा, कारण चाकाचं पाणी खालून उडतं आणि खालची बाजू उघडी, न रंगवलेली असते. पुढे वर्षातून दोनतीनदा पुरे. डबी एकदा घेतली की वर्षानुवर्षं संपत नाही, आणि संपत असेल तर तुम्ही जास्त लावताय.

(दृश्य: ताम्हिणी घाटातला पाऊस. सीटवर बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी.)

मग पावसाळा. सह्याद्रीतला पाऊस इंग्लंडच्या रिमझिमीसारखा नसतो. भिजलेलं कातडं पुन्हा साच्यावर चढवायच्या अवस्थेला येतं, आणि आता साचा म्हणजे तुम्ही. चिंब सीटवर घाट चढलात तर एका दिवसात ती दोरीसारखी खाली लोंबते. म्हणून मडगार्ड लावाच. खिशात एक पिशवी ठेवा, सायकल उभी करताना सीटवर चढवा. धो धो पावसात ती चढवूनच चालवा, दिसायला वाईट दिसतं, दिसू द्या. तरीही भिजली तर ती पुसा आणि सावलीत, वाऱ्याला, आपोआप वाळू द्या. उन्हात नाही, हेअर ड्रायरनं तर मुळीच नाही. झटकन वाळलेलं कातडं आखडतं आणि तडकतं.

घरात मात्र ती पिशवी काढून टाका. कोकणात किंवा गोव्यात जुलैमध्ये पिशवीत बांधून ठेवलेल्या सीटवर हिरवट-पांढरी बुरशी हमखास येते. आली तर घाबरायचं कारण नाही. घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्यानं झाडा, हवा लागू द्या, पूर्ण वाळली की पातळ थर द्या.

(दृश्य: नाकाखालचा नट. सोबतचा पाना.)

आणि आता तो नट. सीटबरोबर पाना येतो, म्हणून माणसाला वाटतं तो वापरायलाच दिलाय. महिन्याला पिळायचा नसतो. पहिल्या वर्षात बहुधा हातही लावावा लागत नाही. कातडं खरोखर सैल वाटलं, बसल्यावर खालच्या लोखंडाकडे जाऊ लागलं, तर पाव फेरा. मग काही दिवस चालवून बघा. ओली असताना कधीच नाही. जास्त पिळलं की मध्यावर धार उभी राहते, पडलेले खळगे ताणून सपाट होतात आणि सगळा जोर रिव्हेटच्या भोकांवर येतो. फाटायची सुरुवात तिथूनच होते.

दोन्ही बाजूंना खाली येणाऱ्या कातड्याच्या पाळी फाकल्या असतील तर नटापेक्षा दोरी बरी. दोन्ही पाळींना खाली भोकं पाडून, बुटाच्या लेससारखी आवळून बांधायची. काही मॉडेलना ही भोकं कारखान्यातूनच असतात.

(दृश्य: पुण्याचा जुना बाजार. एका खांबाला टेकवलेली काळी सायकल.)

जुनी सीट घेत असाल तर रिव्हेटच्या भोवती बघा, मग नाकाजवळ. केसासारखी भेग असेल तर ती वाढणार. नाकाखालच्या बोल्टचे आटे किती बाहेर आलेत तेही बघा. जवळजवळ सगळे बाहेर असतील तर आधीच्या मालकानं ताण संपवून टाकलाय, तुमच्यासाठी काही उरलेलं नाही. कातडं वाळून पुठ्ठ्यासारखं कडकड वाजत असेल तर डबीभर मेणानंही ते परत येत नाही.

पण सांगाडा सरळ आणि स्प्रिंगा धड असतील तर फेकू नका. जुने रिव्हेट काढून त्यावर नवं कातडं चढवता येतं, आणि तसं करून देणारे कारागीर आहेत. कातडं सालीनं कमावलेलं आणि पाच मिलिमीटरच्या आसपास जाड आहे ना, एवढं मात्र काम सोपवण्याआधी विचारून घ्या.