खोलीत नसलेली मुलगी

मंडळी, पत्रिकेत 'इतिहासचित्रांतला वास्तववाद' असा भारदस्त विषय छापलाय. घाबरू नका, मी फक्त एका अंथरुणाबद्दल बोलणार आहे.

पडद्यावर आहे ते स्पॅनिश चित्रकार एदुआर्दो रोसालेसचं १८६४ सालचं चित्र. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातलं मूळ चित्र रुंदीला जवळपास चार मीटर. आपला पडदा म्हणजे त्याच्यापुढे हातरुमाल. स्पेनमधल्या कॅस्टील राज्याची राणी इसाबेल मृत्युपत्र सांगतेय, लेखनिक उतरवून घेतोय. त्या उशा बघा, त्या चादरी बघा. रोसालेसला स्वतःलाच क्षय होता, सदतिशीही न गाठता गेला. आजाऱ्याच्या अंथरुणाचा पांढरा रंग त्याला दुसऱ्या कुणी शिकवायला नको होता.

आता थोडं घरचं. माझी आजी गेली तेव्हा थोरले काका नागपूरला होते. तार उशिरा मिळाली, गाडी चुकली, दहाव्याला पोचले. मी आठ वर्षांचा, दाराशीच उभा होतो, त्यामुळे खात्रीने सांगतो. पण आज आमच्याकडे कुणालाही विचारा, आजीच्या तोंडात गंगाजळ घातलं ते काकांनी! आत्या तर त्यांच्या धोतराचा काठसुद्धा सांगते. एकदा एका लग्नाच्या पंगतीत मी म्हटलं, "अगं आत्या, काका कुठे होते तेव्हा?" जिलबीचं ताट माझ्यावरून सरळ पुढे गेलं. आणि काका? पुढे पुढे तेही सांगायला लागले, "आईने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं रे."

(चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे चहा झालाय.)

तर मुद्दा, भरभर. डावीकडे खुर्चीत राणीचा नवरा, राजा फर्नांदो. त्याच्या शेजारी मान खाली घालून उभी आहे ती त्यांची मुलगी, हुआना. मृत्युपत्रावर सही झाली १२ ऑक्टोबर १५०४ रोजी, मेदिना देल कांपोत. २६ नोव्हेंबरला राणी गेली. हुआना तेव्हा नवऱ्याकडे, दूर फ्लँडर्सला, म्हणजे आजच्या बेल्जियमकडे. आणि खरी गंमत कागदात आहे! वारस हुआनाच, पण ती राज्याबाहेर असेल, किंवा तिला कारभार करायचा नसेल वा जमणार नसेल, तर तो फर्नांदोने बघायचा. म्हणजे तिच्या गैरहजेरीची तजवीज त्या कागदात होतेय आणि बाईसाहेब तिथेच उभ्या!

जाणकार याला चूक म्हणतील. मी नाही म्हणत. चादर रोसालेसने डोळ्यांनी पाहून रंगवली, माणसं मात्र आमच्या आत्यासारखी उभी केली. मरणाऱ्या आईजवळ वारस हवाच. नसेल तर आणायचा.

वेळ संपली. एवढंच सांगतो, १५०९ मध्ये या हुआनाला तोर्देसियासला कोंडलं, ती १५५५ मध्ये तिथेच मेली. कोंडलं कुणी? त्या खुर्चीतल्या बापाने. चहाला उठताना त्याची नजर तेवढी बघून जा. बायकोकडे नाही आणि मुलीकडेही नाही.